प्रार्थना किंवा भांडी

मिशन गर्ल्स बोर्डिंग, राहात्याजवळ
६ जुलै १९९३

मा. समाजकल्याण अधिकारी श्रीमती यशोधरा पगारे यांस,
बोर्डिंगच्या अधीक्षिका हन्ना ओहोळ यांचा सलाम.

आपल्या कार्यालयाचे पत्र मिळाले. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात असे की, आपल्या वसतिगृहात रोज सायंकाळी होणाऱ्या प्रार्थनेस सर्व मुलींना सक्तीने बसवले जाते असे निदर्शनास आले आहे, राज्याचे अनुदान घेणाऱ्या संस्थेत संमतीशिवाय कोणासही उपासनेस बसवता येत नाही, सबब प्रार्थना ऐच्छिक करावी, अन्यथा पुढील अनुदानाचा विचार करता येणार नाही. इथपर्यंत मी शांत होते. सरकारी पत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. मग पाळकसाहेब म्हणाले, "सही कुणाची आहे, ओळखता का?" आणि कागद माझ्यापुढे धरला.

'य'ची शेपटी इतकी लांब ओढायची नाही म्हणून मी ज्या मुलीच्या हातावर पट्टी मारली, तिचीच सही. मी मटकन खालीच बसले. रतनबाई स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं कुणी वारलं.

आता सरकारी भाषा पुरे. मला तुला 'आपण' म्हणता येत नाही, आणि म्हणणारही नाही.

यशोधरा, तू? सगळ्या जिल्ह्यात अधिकाऱ्यांचा दुष्काळ पडला होता का? तुझी आई आक्काबाई पेरूच्या बागेत खुरपायला जायची. जय भीमवाली बाई, तरी तुला माझ्या दारात आणून सोडलं. तेव्हा ती काय म्हणाली ते मला आजही आठवतं. "बाई, देव तुमचा असंना का, पोरगी शिकली म्हंजी झालं." तुझे आजोबा आणि माझे आजोबा एकाच वस्तीतले. आमच्यांनी बाप्तिस्मा घेतला, तुमचे छप्पन सालापर्यंत थांबले, एवढाच काय तो फरक. मी तुला कधी परकी धरली नाही. ख्रिस्ती हो म्हणूनही कधी म्हटलं नाही, देवाशपथ. फक्त प्रार्थनेला बस म्हटलं, आणि ते तर सगळ्यांनाच म्हणते.

आणि तुझ्यासाठी मी किती प्रार्थना केली! तू दुसरीत आलीस तेव्हा रोज गोधडी ओली करायचीस. आठवतं ना? दुसरी एखादी अधीक्षिका असती तर छडी घेतली असती. मी रोज सगळ्यांसमोर तुझं नाव घेऊन म्हणत होते, "प्रभो, यशोधराची गोधडी कोरडी ठेव." सगळ्या मुली आमेन म्हणायच्या. आणि देवाने ऐकलं की नाही? त्याचे हे पांग फेडलेस होय?

मॅट्रिक झाल्यावर तू ट्रंक उचललीस ती इकडे फिरकली नाहीस. नाताळच्या एकाही पत्राला उत्तर नाही. मी म्हणायचे, कामात असेल. आता कळलं काय काम होतं ते.

परदेशातून यायची ती मदत बंद झाली आहे, हे तुला ठाऊक आहे. अनुदान थांबलं तर बोर्डिंगला कुलूप लागेल आणि या साठेक मुली परत बागेत, नाहीतर उसाच्या फडात. तेव्हा तुझी अट मला मान्य आहे. करते ऐच्छिक. पण एक लिहून ठेव. माझ्या हॉलमधून एकही मुलगी उठणार नाही. मग ये आणि बघ.

हन्ना ओहोळ

———

१३ जुलै १९९३

यशोधरा,

आज सलाम लिहायचंही सुचत नाही. अक्षर वेडंवाकडं आलं तर तूच वाचून घे.

जेवण झाल्यावर मी सगळ्या मुलींना उभं केलं आणि सांगितलं की सरकारच्या आदेशाने आजपासून प्रार्थना ऐच्छिक आहे. कुणाला काही कळलं नाही. मग दहावीतली शुभांगी, सगळ्या मुलींची वकील आहे ती, तिनं हात वर केला. "बाई, ऐच्छिकला दोन विषय असत्यात. चित्रकला न्हाईतर शिवण. मग ह्यात दुसरा कंचा?"

आता मी काय सांगणार? तुझ्या पत्रात दुसरा विषय लिहिलेला नव्हता. नुसतं बसून राहा म्हटलं तर उनाडक्या करतील. समोर हौदाजवळ सगळ्या बोर्डिंगची खरकटी भांडी पडली होती. एरवी पाळी असलेल्या मुली ती प्रार्थनेनंतर घासतात. राख, काथ्या, गार पाणी, सगळ्या मुलींना नको असलेलं काम. मी म्हटलं, "दुसरा विषय भांडी. ज्यांना प्रार्थना नको त्यांनी हौदावर जावं."

हो, मी मुद्दाम म्हटलं. त्यात लपवायचं काय?

मग मी घंटा वाजवली, हॉलमध्ये गेले, डोळे मिटले आणि मुली येऊन बसायची वाट पाहिली. नेहमी चटया सरकल्याचा आवाज येतो, धाकट्या खोकतात, कुणीतरी हसतं आणि मी खाकरते. काहीच आवाज येईना. डोळे उघडले तर चटया तशाच अंथरलेल्या. आणि खिडकीतून हौदाकडून भांड्यांचा आवाज. इतका, की लग्नघराच्या मागच्या अंगणात बसल्यासारखं वाटलं.

एकही नाही, यशोधरा. सगळ्याच्या सगळ्या भांड्यांवर! आपल्या ख्रिस्ती मुलीसुद्धा. ग्रेस, जिचे वडील चर्चच्या मंडळीत पंच आहेत, ती कोपरापर्यंत राख फासून परात घासत होती. भांडी पुरेनात तेव्हा दोघी-दोघी मिळून एक ताट घासत होत्या. रतनबाई तोंडाला पदर लावून उभी. मला पाहिल्यावर म्हणाली, "आवो बाई, असली लख्ख भांडी म्या जन्मात पायली न्हाईत."

मी काय करणार? परत हॉलमध्ये गेले. ठरलेलं गाणं एकटीने म्हटलं. भिंतींवरून आवाज परत येतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. माझं रडू कुणाला दिसू नये म्हणून दिवा जरा उशिरा लावला.

आता खरं सांग. तू या मुलींना आधी पत्रं लिहिलीस का? कुणाला पाठवून पढवलंस का? कारण पढवल्याशिवाय साठ पोरी एका मताच्या होत नाहीत. इथे तर केसांच्या रिबिनीवरून रोज दोन तट पडतात.

हन्ना

———

२३ जुलै १९९३

यशोधरा,

तुझं उत्तर आलं. टाईप केलेल्या दोन ओळी. प्रार्थनेस न येणाऱ्या मुलींना काम देणे हीही सक्तीच समजली जाईल, सबब तो पर्याय त्वरित बंद करावा, व मी स्वतः तपासणीस येत आहे. खाली मात्र तुझ्या हाताने लिहिलेलं. 'बाई, मुलींना विचारलंत का?'

विचारायचं काय त्यात? मुली त्या मुली. त्यांना विचारलं तर त्या अभ्यासही ऐच्छिक करतील.

तरी तुझ्या आदेशाप्रमाणे भांड्यांचा विषय बंद केला. सांगून टाकलं की प्रार्थनेला यायचं तर या, नाहीतर खोलीत बसा, गप्पा मारा, काही करा, कुणी काही म्हणणार नाही. आता तरी धाकट्या येतील असं वाटलं होतं. धाकट्यांचा माझ्यावर जीव आहे.

आता ऐक. त्या परत हौदावरच गेल्या! कुणी सांगितलं नसताना. घंटा वाजली की ताट उचलतात आणि चालू पडतात. मी ओरडले, "अगं, आता सक्ती नाही, सोडा ती भांडी!" तर शुभांगी म्हणाली, "असू द्या बाई, आमाला आवडतंय." भांडी आवडतात! मी इथे आयुष्य घातलं यशोधरा, आजवर मला भांडी आवडणारी मुलगी भेटली नव्हती.

मी सगळं धुंडाळून पाहिलं. माझी प्रार्थना लांब होते का? तर नाही. पाळकसाहेबांची माझ्या दुप्पट असते. गाणी जुनी आहेत का? तीच गाणी त्या हौदावर म्हणतात, मी कानांनी ऐकलंय. आणि माझ्यासारखी प्रार्थना कुठल्या बोर्डिंगमध्ये होत असेल दाखव. इतर ठिकाणी सगळ्यांसाठी मिळून एकच मागणं असतं. मी एकेकीचं नाव घेते. दिवसभर लक्ष ठेवते आणि संध्याकाळी सगळं देवापुढे मांडते. 'प्रभो, शुभांगी आरशापुढून हलत नाही, तिला नम्र कर. प्रभो, विजयमालाने शेजारच्या बागेतले पेरू तोडले, तिला क्षमा कर. प्रभो, ग्रेसला गणितात भोपळा मिळाला, तिची बुद्धी उघड.' कुठलीही सुटत नाही. आईसुद्धा इतकं करत नाही. पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, "हन्नाबाई, तुमची प्रार्थना ऐकली की सगळ्या बोर्डिंगची बातमी कळते." मला त्याचा अभिमान वाटला होता.

रतनबाईला विचारलं, तुला काय वाटतं. ती पोळपाट धूत होती. म्हणाली, "मला कशाला इच्यारता? पोरींना इच्यारा की." म्हटलं, तू बोल. तर म्हणते, "म्या न्हाई बोलायची. मंग उद्या देवापुढं माजं नाव निघायचं." आणि हसली. मी तिच्यावर रागावले. तिला नोकरीवरून काढीन म्हणाले, ती म्हणाली काढा. भाकरी मात्र वेळेवर केल्या.

तू येतेस ते बरंच. समोरासमोर होऊन जाऊ दे. तुझ्या आवडीचं पिठलं करायला सांगितलं आहे. ते तपासणीत धरू नकोस.

हन्ना

———

४ ऑगस्ट १९९३

चि. यशोधरा,

तुझी जीप वळणाआड गेली तेव्हापासून मी ओसरीवर बसून होते. रतनबाईने दोनदा चहा आणला आणि दोनदा गार झालेला परत नेला. तुला माहीतच आहे सगळं, तू होतीस. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात ते बसणार नाही.

तू किती रोड झालीस गं. आणि चष्मा! तू पाया पडायला वाकशील म्हणून मी हात पुढे केला, तू नमस्कार केलास. ठीक आहे. तू सरकारी कामाला आली होतीस.

तू मुलींना अंगणात बसवलंस आणि मला खोलीत जायला सांगितलं नाहीस. पण माझंच चुकलं, मी आपण होऊन जायला हवं होतं. तू विचारलंस, "प्रार्थनेला गेलं नाही तर बाई रागावतात का?" सगळ्या म्हणाल्या, न्हाई. "जेवण कमी देतात का?" न्हाई. "मग जात का नाही?" शुभांगी वकीलसुद्धा मातीत रेघा ओढायला लागली. तेव्हा मला वाटलं, बघ, त्यांच्याकडे कारणच नाही.

आणि ती पहिलीतली विजयमाला उठली. तिच्या फ्रॉकची मागची बटणं मीच सकाळी लावली होती. म्हणाली, "हौदावर बाई आमचं नाव घेत न्हाईत."

तू विचारलंस, नाव घेतलं तर काय होतं?

"बाई देवाला आमच्या चहाड्या सांगत्यात."

कुणीही हसलं नाही. एखादी जरी हसली असती तर मी वाचले असते. साठ मुली खाली मान घालून बसल्या, आणि मला कळलं की हे सगळ्यांना माहीत होतं. रतनबाईला माहीत होतं. मला एकटीला नाही. मी खांबाला धरून उभी होते. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. त्याबद्दल तुझे उपकार मानू की राग धरू ते अजून ठरत नाही.

चहाड्या! मी त्याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणत होते.

मग जेवायला बसलीस तेव्हाचं तुला आठवतं का? मी म्हटलं आज अधिकारी आहेत, अन्नावरची प्रार्थना मनातल्या मनात करू. सगळ्या गप्प बसल्या. आणि तू, सरकार, पिठल्याकडे पाहिलंस, हात जोडलेस, डोळे मिटलेस, आणि मोठ्याने म्हणालीस, "आमेन." सवयीने! मग दचकून डोळे उघडलेस. सगळी पंगत फिदीफिदी हसली. तूही हसलीस. दुसरीतली यशोधरा मला तेवढ्यापुरती दिसली. मला तेव्हा फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, माझं काहीतरी राहिलं आहे हिच्यात.

जीपजवळ तू म्हणालीस, "अनुदान थांबणार नाही, बाई. इथे सक्ती नाही असं मी अहवालात लिहिणार आहे. तुमचा हॉल रिकामा आहे, याहून वेगळा पुरावा काय देणार?"

बोर्डिंग वाचली ती माझ्या प्रार्थनेला कुणी येत नाही म्हणून! मी त्यावर काही बोलणार तेवढ्यात तू दाराला हात लावून थांबलीस. तुझा आवाज इतका हळू होता की चालकालाही ऐकू गेला नसेल.

"बाई, माझी गोधडी त्याच पावसाळ्यात कोरडी झाली होती."

मी म्हटलं, हो, देवाने ऐकलं.

"मग तुम्ही सातवीपर्यंत कशाला सांगत होतात?"

आणि तू गेलीस.

यशोधरा, मी आभार मानत होते गं. रोज. 'प्रभो, यशोधराची गोधडी आता कोरडी असते, तुझे उपकार.' मागितलेलं मिळालं तर आभार नकोत का मानायला? मी कधी... सगळ्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी कळत असेल ना. सातवीतली उंच मुलगी, शर्यतीत पहिली येणारी, आणि तिच्याबद्दल संध्याकाळी सगळ्यांना...

आता पुढे लिहवत नाही. पत्र असंच पाकिटात घालते.

हन्ना

———

१९ ऑगस्ट १९९३

चि. यशोधरास,
बाईचा सलाम, आणि तुझ्या पद्धतीने जय भीम. मंडळीत कुणी ऐकलं तर पाळकसाहेब मला समज देतील, देऊ देत.

तुझं काही पत्र आलं नाही. येईल म्हणून वाटही पाहिली नाही. पण एक घडलं आहे आणि ते तुझ्या अहवालात कुठे बसवायचं ते मला कळत नाही, म्हणून लिहिते.

तू गेल्यावर मी घंटा वाजवायचं बंद केलं होतं. संध्याकाळी हॉलमध्ये एकटी जाऊन बसायची आणि बोलायला तोंड उघडायची, तर शब्दच यायचे नाहीत. यशोधरा, ही मोठी भयंकर गोष्ट आहे. तीस वर्षं मी प्रार्थना केली आणि मुलींची नावं काढून घेतल्यावर माझ्याकडे देवाला सांगायला एकही वाक्य उरलं नव्हतं. मी घाबरले. म्हटलं, मी इतकी वर्षं नक्की कुणाशी बोलत होते?

बाहेर मुली रोजच्यासारख्या भांडी घासत होत्या. आणि माझ्या लक्षात आलं की मी हॉलमध्ये शिरले की त्यांचा आवाज कमी होतो. काथ्या थांबतो. त्या कान देऊन असायच्या. आज कुणाचा नंबर लागतो ते ऐकायला. मी गप्प बसून बाहेर आले की पुन्हा भांडी वाजायला लागायची.

काल रतनबाईला मी म्हटलं, "मला प्रार्थना करता येईना." ती पिठाचा डबा झाकत म्हणाली, "आमच्या समद्यांच्या खोड्या सांगून झाल्या, आता तुमचीच ऱ्हायलीय की येक." बोलून गेली आणि जीभ चावली. मी रागावले नाही. मला रागवायची आठवणच झाली नाही.

संध्याकाळी हॉलमध्ये गेले. खिडकी उघडीच होती. बाहेरचा आवाज थांबला. मी नेहमीच्या आवाजात, तुला ठाऊक आहे माझा आवाज, म्हटलं, "प्रभो, हन्ना."

एक पातेलं खाली पडलं. ते गडगडत हौदाच्या कठड्याला जाऊन लागलं तोवर मी थांबले.

"प्रभो, ही हन्ना लई चहाडखोर आहे." 'लई' तोंडातून आपोआप गेलं, मी मुलींना कधी म्हणू दिलं नव्हतं. "लहान पोरींच्या खोड्या तुला सगळ्यांपुढे ओरडून सांगते. एका पोरीची गोधडी वाळून किती वर्षं झाली तरी ही सांगतच होती. हिला ते कळलंसुद्धा नाही. प्रभो, हिचं तोंड जरा आवर."

आणि मी थांबले, कारण पुढे मला रडू आलं.

मग हौदाकडून विजयमालाचा बारीक आवाज आला, एकटीचा, "आमेन." आणि तिच्यामागून सगळ्याच्या सगळ्या. आमेन! ताटावर ताट आपटून. मी सांगते यशोधरा, इतका मोठा आमेन या कंपाउंडने ऐकलेला नाही. त्यात हसणं होतं, चेष्टा होती, शुभांगीचा आवाज तर सगळ्यांत वर होता, आणि रतनबाईचासुद्धा. पाळकसाहेब लुंगीवर धावत आले, त्यांना वाटलं आग लागली.

हॉलमध्ये आत कुणीही आलं नाही. चटया रिकाम्याच होत्या. तेव्हा तुझा अहवाल खोटा पडलेला नाही. पण राखेचे हात आणि खरकटं पातेलं घेऊन, खिडकीबाहेरून, कुणी न सांगता म्हटलेला आमेन तुमच्या कायद्यात उपासना धरतात का? धरत असतील तर ती सक्तीची की ऐच्छिक? तू शिकलेली आहेस, तूच ठरव आणि कळव.

आजही घंटा वाजवलेली नाही. जेवणं झाली आहेत. ती विजयमाला दारात येऊन उभी आहे आणि मला विचारते आहे, "बाई, आज तुमचं काय सांगायचं?"

तुझी बाई,
हन्ना